घरभर एकच वायर

हॅलो? … हां, बोल चिंगे. … अगं, मीच करणार होते तुला फोन. … हळू बोलतेय, कारण बाबा आतल्या खोलीत पडलेत. … बरे आहेत गं, तब्येतीला काही झालेलं नाही. … सांगते ना! आधी तू मला एक सांग. इंटरनेटची वायर आळीपाळीने चालते का?

आळीपाळीने! म्हणजे एका खोलीत चालू असली की दुसरीत बंद. … हसतेस काय? दिवसभर ऑफिसात हेच करतेस ना तू?

हो, वायर. आमच्याकडे टाकलीय, चार खोल्यांत. … कुणी म्हणजे? आपल्या बाबांनी! … स्वतः. शहात्तराव्या वर्षी, स्टुलावर चढून. … ओरडू नकोस, मी खाली उभी होते.

अगं ऐक ना. माझी ऑनलाइन शिकवणी असते मागच्या खोलीत, तर ऐन गणितात मी त्या मुलांना गोठलेली दिसायचे. तोंड उघडं, हात वर. … हो, आणि मेली त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवायची! एकदा वैतागून म्हटलं, या भिंतीपलीकडे काही पोचतच नाही. आणि बाबा खुर्चीतून उठले. … हो ना! आई गेल्यापासून आठ महिने त्या खिडकीशी बसलेला माणूस. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर तेही विचारायचा नाही. तो उठला आणि म्हणाला, 'हवेवर कसला भरवसा ठेवतेस? वायर टाकू.' … मला रडूच फुटलं. आमचे हे म्हणाले, भिंती पाडल्या तरी पाडू देत त्यांना.

पंधरा दिवस हेच. ट्रंकेतून पक्कड काढली, तिला तेल दिलं. दुकानात स्वतः गेले, केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकून आले. वायरीच्या पट्ट्या अशा सरळ ठोकल्यात की बघत राहावं. जेवायला हाक मारली की 'एवढा कोपरा होऊ दे'. आणि जेवतात गं! दोनदा मागून घेतात.

हां, तेच सांगतेय. काल जोडणी झाली. मागच्या खोलीत माझा लॅपटॉप लावला, तर काय सुसाट! बाबांनी अख्ख्या घराला बोलावून दाखवलं. मग लेकीने तिच्या खोलीत तिचा लावला. झालं, दोन्ही बंद. मी माझा काढला, तर तिचा सुरू. … हो. … हो, टीव्हीचंही तेच. कुठल्याही खोलीत चालतं, पण एका वेळी एकीतच. सवती मेल्या, एक आली की दुसरी रुसते. मला तर आता झोपेपेक्षा याचंच उत्तर जास्त हवंय, की असं होतं तरी कशाने?

बाबा? गप्प आहेत कालपासून. भिंतीवरच्या सगळ्या डब्या उघडून पाहिल्या, परत लावल्या. आज सकाळी खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवलीय त्यांनी. … म्हणूनच तर म्हणते. मला भीती वाटते चिंगे. यावेळी बसले तर उठायचे नाहीत.

विचार. विचार ना, मी राउटरसमोरच उभी आहे. … त्यातून खोल्यांकडे किती वायरी जातात? एक. … एकच गं! एक मोजायला काय शाळा लागते? … हो, मागे चार भोकं आहेत, तीन मोकळी. … मग? … बरं बाई, जाते मागच्या खोलीत. … आले. भिंतीवरची डबी उघडू? … थांब, फोन खांद्यात धरते. तू हाक उंटावरून शेळ्या. … निघालं झाकण. … अगं, किती निगुतीने केलंय! … हो, बारीक रंगीत तारा. … केबल? दोन आहेत. एक येते, एक पुढे जाते. … हो, दोन्हीच्या तारा एकत्र जोडल्यात. निळीला निळी, हिरवीला हिरवी. … पुढच्या खोलीतही तसंच असणार. इथून तिथे, तिथून पुढे.

सापडलं? …

म्हणजे? … प्रत्येक खोलीला वेगळी? थेट राउटरपासून? … अगं पण फोनला तर असंच असायचं ना! आपल्याकडे तीन खोल्यांत तीन फोन होते आणि वायर एकच फिरवलेली. आई आतून उचलायची आणि आपलं सगळं ऐकायची. … बाबांनीच टाकली होती ती. … अरे देवा! फोनसारखंच केलंय की त्यांनी! … हो गं. चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन, हाताला जे वळण ते वळण. … अच्छा! एकाच वायरीवर सगळे एकदम बोलतात, म्हणून कुणाचंच कुणाला कळत नाही? … बघ, समजलं मला!

नाही. नाही! माणूस पाठवू नकोस. … दोन तासांत करेल, मान्य आहे. पण तो येणार, पट्ट्या उचकटणार आणि बाबांसमोर म्हणणार, 'कुणी केलंय हो हे?' … मला नाही चालणार ते. उंदराने कुरतडली म्हणून सांगेन एक वेळ. … मग तूच सांग त्यांना! … 'मला कोण विचारतं?' असं काय बोलतेस?

… हं. … हं. … खरं आहे तुझं. तुलाच विचारायला हवं होतं. … मी म्हटलं होतं गं त्यांना, चिंगीला फोन लावू, तिचं तेच काम. … काय म्हणाले? जाऊ दे ना. … 'ती कॉम्प्युटर बघते, वायर मी बघतो.' … लागलं ना? म्हणूनच सांगत नव्हते. अगं, त्यांना ठाऊकच नाही तू काय करतेस ते. तू सांगितलं नाहीस, त्यांनी विचारलं नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे दोघं हट्टी. आणि मधे मी …

थांब. एक मिनिट.

बाबा? कधीपासून उभे आहात? … चिंगीचा फोन आहे. … नाही हो, सहज. … सगळं?

चिंगे, सगळं ऐकलंय त्यांनी. … मला काय माहीत! बघतायत नुसते त्या डबीकडे. … झाकण घेतलं माझ्या हातातून. … काहीतरी म्हणतायत. काय, बाबा? … तुला विचारायला सांगतायत, तुझ्या ऑफिसात टेबलं किती. … सहाशे म्हणते, बाबा. … आणि वायरीही सहाशे? वेगवेगळ्या? … हो म्हणते. … मग त्या सगळ्या जातात कुठे? … एका खोलीत. तिथे यंत्र असतं, कुणाचं कुणाकडे धाडायचं ते यंत्र बघतं, असं म्हणतेय. … अहो, काय झालं?

चिंगे, हसतायत गं! … हो, बाबा! कपाळावर हात मारून हसतायत. … 'अगं, म्हणजे एक्स्चेंज!' … म्हणतायत, गावातल्या प्रत्येक घराची तारांची जोडी थेट एक्स्चेंजपर्यंत मीच ओढली, आणि इथे खोलीला घर धरायचं ते विसरलो. … बाबा, अगदी बरोबर म्हणते.

हळू, एकेक विचारा! … चिंगे, ते सहाशेचं एक्स्चेंज कोण सांभाळतं? … बाबा, तीच. … हो, आपली चिंगीच. हाताखाली सात जण आहेत तिच्या. … सात.

… थांब गं. माझ्याकडे बघतायत. … काय? … तुला चूक कधी कळली, विचारतायत. … 'दोन केबल आहेत म्हटल्यावर,' म्हणते बाबा. … म्हणतायत, पंधरा दिवस हात घालूनही मला नाही सापडली आणि हिला तिथे बसून सापडली. … रागाने नाही गं, वेडे. कौतुकाने. मला कळतं की त्यांचं.

घ्या, तुम्हीच बोला. … नको म्हणतायत. हे फोनवरचं काम नव्हे म्हणे. तुला रजा कधी आहे? … बाबा, शनिवारी येते.

… ऐकतेस ना? तू येईपर्यंत एकाही वायरीला हात लावणार नाहीत. 'ती सांगेल तसं करू.' … हो, याच शब्दांत. आपल्या बाबांनी. … हॅलो? … चिंगे? … रडतेस काय? … मी? छे, मी कुठे. … बरं, मीही. ठेव आता.