लाल बटण आणि मानपत्रातलं एक वाक्य

आदरणीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापक, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे शिक्षक बंधू-भगिनी, पालक आणि शेवटच्या रांगेत जांभया देणारे माझे माजी विद्यार्थी (मला चष्म्यातून सगळं दिसतं), सर्वांना नमस्कार.

आज आपण गणिताच्या बाईंना निरोप देतो आहोत. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला. आत्ताच मानपत्राचं वाचनही झालं. भाषा छान आहे. फक्त एक वाक्य माझ्या घशात अडकलं. 'नव्या तंत्रज्ञानाशी जुळवून घेताना आलेल्या अडचणी त्यांनी हसतमुखाने सोसल्या.' कुठल्या अडचणी? कुणाला आल्या?

मी यंत्रांच्या वाइटावर नाही. माझ्या गोळ्यांची आठवण फोनच करून देतो, आणि सुनेपेक्षा गोड आवाजात. पण वर्गात काय झालं ते ऐका. मी तेव्हा इथेच इंग्रजी शिकवत होते.

भिंतीवर मोठा पडदा आला. मुलांच्या हाती टॅब आले. धडा पडद्यावर चालायचा आणि मुलांनी बटण दाबायचं. हिरवं म्हणजे 'समजलं', लाल म्हणजे 'नाही समजलं'. लाल दाबलं की त्या मुलाचं नाव सगळ्या वर्गासमोर पडद्यावर झळकायचं. आता सांगा, कोण दाबेल? मी नन्सच्या शाळेत शिकले. सिस्टर विचारायच्या, "एनी डाउट्स?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "नो, सिस्टर!" डोक्यात मिट्ट काळोख असायचा. इथेही तेच झालं. वर्गच्या वर्ग हिरवेगार!

गणिताच्या बाईंनी काय केलं? एक जादा टॅब घेतला, त्यात स्वतःचं नाव घातलं आणि जाऊन बसल्या मागच्या बाकावर. धडा सुरू झाला की पहिलं लाल बटण त्यांचं. पडद्यावर नाव झळकलं, वर्ग खिदळला.

एक मुलगी म्हणाली, "अय्या बाई, तुम्हालासुद्धा नाही समजलं?"

"अगं, मधली पायरी गिळली की त्या पडद्याने! तुला दिसली का?"

"नाही दिसली."

"मग दाब की! मी एकटीच किती वेळ ढ म्हणून बसू?"

मग पटापट नावं झळकायला लागली. बाई पडदा थांबवायच्या, खडू घ्यायच्या आणि ती पायरी फळ्यावर मांडायच्या. तंत्रज्ञान वर्गात आणणं याला म्हणतात, नाहीतर ती नुसती भिंतीवरची शोभा.

महिन्याच्या बैठकीत या बटणांचा अहवाल आला. तेव्हाही खुर्चीत आपणच होतात, अध्यक्ष महोदय. आपण म्हणालात, "शेजारच्या वर्गात सगळं हिरवं, आणि तुमच्याकडे ही आग कसली?"

बाई म्हणाल्या, "साहेब, आग नाही. मुलं विचारताहेत."

"आकडे बोलतात, बाई."

आकडे बोलले आणि माणसं गप्प बसली. दहावीचा वर्ग बाईंकडून काढून घेतला. नोकरीचं शेवटचं वर्ष त्यांनी संगणक कक्षात टॅब चार्जिंगला लावण्यात घालवलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "चाललंय की, पाय तरी दुखत नाहीत." हसतमुखाने सोसलं म्हणता, ते हेच. पण अडचण यंत्राची नव्हती. 'नाही समजलं' म्हणणाऱ्या मुलाला आपण नापास समजलो, त्याच्या बाईंनाही नापासच समजलो. ती चूक आपली, आणि मानपत्रात ती त्यांच्या नावावर टाकली! हे मानपत्र बाईंच्या बैठकीच्या खोलीत लागणार. येणारा-जाणारा वाचणार, नातवंडं वाचणार. काय समजतील? आजीला बटणं दाबता येत नव्हती?

बाई माझा पदर ओढताहेत, "पुरे आता" म्हणताहेत. बाई, आयुष्यभर तुम्ही पुरे म्हणालात म्हणूनच हे झालं. बसा.

अध्यक्ष महोदय, माझी विनंती एवढीच. ते वाक्य खोडा आणि त्या जागी लिहा, 'यांच्या वर्गात मुलं न घाबरता "नाही समजलं" म्हणत.' खाडाखोड दिसली तर दिसू दे, चौकटीत शोभेल. हे घ्या माझं पेन.

धन्यवाद, साहेब. खाली सहीसुद्धा करा.

आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागेलसं काही बोलले असेन तर उदार मनाने माफ करावं. ज्यांना लागायला हवं होतं, त्यांनी मात्र माफ केलं नाही तरी चालेल.