कानातली शिट्टी

दाबलं की बटण! आवाज आला की दाबा म्हणालात, आला, दाबलं. — काय? जरा तोंड इकडे करून बोला, त्या मिशांमुळे तुमचे ओठच दिसत नाहीत. — सोडलाच नव्हता? आवाजच सोडला नव्हता तुम्ही? मग मी इतका वेळ काय करत होते? अगंबाई! म्हणजे मला त्या काचेच्या पेटीत बसवून, डोक्याला ते कानटोपासारखं अडकवून तुम्ही बाहेर नुसते बघत बसलात, आणि आत म्हातारी आपली टकटक टकटक, पहिला नंबर आल्याच्या आनंदात! मी म्हटलं, जन्मात शाळेची पायरी चढले नाही, पण ही एक परीक्षा आपल्याला झकास जातेय. हसा, हसा. बाहेर बाकावर माझी नात बसलीय, तिला तेवढं सांगू नका. म्हणेल, आजी ऐकण्याच्या परीक्षेत पण कॉपी करते.

पण खोटं नाही हो दाबलं. आवाज येतोच मला. सारखा येतो — बारीक, शिट्टीसारखा. किटलीतलं पाणी उकळी फुटायच्या आधी कसं सूंऽऽ करतं, तसा. तुम्ही सोडा नाहीतर सोडू नका, माझं आत चालूच. — काय? कारखान्यात? नाही नाही, कारखान्यात नव्हते मी. थिएटरात होते. — नटी? डॉक्टर, चष्मा पुसा आधी! — डॉक्टर नाही तुम्ही? मग हा पांढरा कोट कशाला घातलाय? बरं असू दे, मीही डॉक्टरच म्हणते, तुम्हाला बरं वाटेल. झाडूवाली होते मी. झाडू, फडकं, बादली. आमच्या रस्त्याच्या तोंडाशीच होतं ते थिएटर, लाल खुर्च्यांचं, निम्म्या खुर्च्यांमधून काथ्या बाहेर आलेला. आता तिथे फरशांचं दुकान झालंय. मी गेले होते मध्ये बघायला, तिथला विकणारा म्हणतो, आजी, कुठली फरशी दाखवू? मी म्हटलं, बाबा रे, या जागेची फरशी मी गुडघ्यावर बसून पुसलीय, तू मला काय दाखवतोस! त्याला वाटलं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. पंख्याखाली बसवून पाणी दिलं बिचाऱ्याने.

तर सिनेमा चालेना झाला, तेव्हा मालकाने रविवारची संध्याकाळ झिपऱ्या पोरांना द्यायला सुरुवात केली. रॉकवाल्यांना. मला आधी वाटलं, रॉक हे कुणाचं तरी आडनाव असेल. हे एवढाले खोके आणले हो त्यांनी, कपाटाएवढे, मला वाटलं आत कपडे असतील, आणि निघाला आत नुसता आवाज! पहिल्या रविवारी त्यांनी ते सुरू केलं आणि माझ्या हातातला झाडू गळून पडला. भिंती थरथरतायत, छातीत कुणीतरी आतून दार ठोठावतंय, आणि एक काडीपैलवान पोरगा माईकशी भांडतोय, काय भांडतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक. कानठळ्या म्हणतात ना, त्या काय असतात ते मला त्या दिवशी कळलं. मॅनेजर चांगला माणूस होता, त्याने आम्हा सगळ्यांना कापसाचे बोळे वाटले. घाला म्हणाला कानात, नाहीतर बहिरे व्हाल.

काय विचारलंत? मोठ्याने. — कापूस घालत होते का? घालत होते ना. म्हणजे — मिळत होता. दर रविवारी मिळत होता. — अहो, तुम्ही कानवाले की पोलीस? बरं, घालत होते, पण तिथे नाही. घरी. घरी घालायचे मी तो कापूस! सासूबाई सकाळी बोलायला लागल्या की थेट दुपारच्या जेवणापर्यंत, आणि तेही सगळं कुजबुजत. कुजबुजत का? तर माझा नवरा रात्रपाळीला. दिवसभर घरात तो झोपलेला. एक खोली, त्यात मधोमध हा माणूस, आणि त्याच्या कडेकडेने आमचा संसार. भांडं वाजलं तर सासूबाई डोळे वटारायच्या. मूल रडलं की मी त्याला पोटाशी धरून जिना उतरायचे. आमच्या घरात भांडणंसुद्धा खुणांनी व्हायची, डॉक्टर. मी रागावले की नुसतं नाक फुगवायचे, ते नवऱ्याला दिसायचंच नाही, कारण तो झोपलेला! वर्षानुवर्षं मी मोठ्याने एक शब्द बोलले नाही. कुणी मला विचारलं असतं ना, बाई तुझा आवाज कसा आहे, तर मला सांगता आलं नसतं.

लेकीला मात्र मी उलटंच सांगत आलेय. तुमच्या पोटासाठी मी त्या धडाक्यात कान घालवले गं, असं डोळ्याला पदर लावून. फार उपयोगी पडायचं ते वाक्य. आता तुम्हाला म्हणून सांगते — मी पडद्यामागे उभी राहून ऐकायचे. आणि, हसायचं नाही, नाचायचे. झाडूला धरून. झाडू बरा, पायावर पाय देत नाही.

आणि तो बादलीचा रविवार. — ऐकलंय? बादली ठाऊक आहे तुम्हाला? कुणी सांगितलं? — वडील? कोणी घरात नळ सोडला की तुमचे वडील अजून ओरडतात, बाद-ली, बाद-ली? अहो काय सांगता! मग ऐका, ते कुठून आलं ते तुमच्या वडिलांनाही ठाऊक नाही. स्टेजवर पाण्याची टाकी होती, वर, छताला, आणि ती गळायची. त्या गळतीखाली मी बादली ठेवायचे, आणि थेंबांचा टपटप आवाज होऊ नये म्हणून त्यात माझं फरशी पुसायचं फडकं टाकायचे. टपटप आवाज होऊ नये म्हणून! तिकडे ढोलवाला छप्पर उडवतोय आणि मी थेंबाचा आवाज दाबतेय — घरची सवय, दुसरं काय. तर त्या दिवशी तो काडीपैलवान गाता गाता उलटा चालायला लागला. पायात वायरींचं जंजाळ, मागे माझी बादली. मी पडद्याआडून हात हलवतेय, पदर हलवतेय, झाडू हलवतेय — तो कशाला बघतोय! आता पडणार, मान मोडून घेणार, आणि माझी नोकरी जाणार. मी पोटापासून श्वास घेतला आणि ओरडले. आता मला काय ठाऊक, त्या गाण्यात मध्येच सगळे एकदम थांबतात! ढोल बंद, गिटार बंद, शेकडो माणसं श्वास रोखून बसलेली, टाचणी पडली तर ऐकू येईल — आणि त्या शांततेत माझी टाचणी पडली: बादलीऽऽऽ!

इतका मोठा आवाज माझा, मलाच ठाऊक नव्हता. मीच मागे वळून बघितलं, कोण ओरडलं म्हणून. लोकांना वाटलं हा गाण्याचाच भाग. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं बादली, मग सगळं थिएटरच, पाय आपटून, बाद-ली! बाद-ली! तो पोरगा थांबला, वळला, बादली बघितली. त्याला वाटलं, लोकांची फर्माईश आहे. उचलली — अहो, मी नको नको म्हणतेय — आणि डोक्यावर ओतली. आठवडाभराचं फिनेलचं पाणी! आमचा वायरमन डोकं धरून मेन स्विचकडे पळाला. आणि माझं फडकं बसलं त्या पोराच्या टाळूवर, टोपीसारखं. त्याने ते ऐटीत काढलं आणि लोकांत भिरकावलं. दोन पोरी त्याच्यावर तुटून पडल्या. फाडून दोन तुकडे केले, आणि एकीने तो तुकडा गालाला लावला हो. त्या फडक्याने मी काय काय पुसलं होतं, ते तिला सांगायला जीभ रेटली नाही.

तेव्हापासून रिवाजच पडला. बँड कुठलाही असो, शेवटच्या गाण्याला लोक बादली मागायचे. मी आपली स्वच्छ पाणी भरून ठेवायला लागले, फिनेलशिवाय. एकदा लांबून कुठून तरी एक नवा बँड आला, त्यांना हे ठाऊक नाही. लोक ओरडतायत बाद-ली, बाद-ली, त्यांनी ऐकलं नुसतं बाद, बाद, बाद! बिचारे वाद्यं गुंडाळून आत आले. ढोलवाला माझ्या झाडूशेजारी बसून रडला. मी म्हटलं, रडू नकोस बाळा, ते तुला बाद नाही म्हणत, ते माझी बादली मागतायत. तो आणखीच रडायला लागला.

आणि सुरुवात कोण करायचं दर रविवारी? — हो. मीच. पडद्यामागून. गाणं थांबायची वाट बघत उभी राहायचे, आणि थांबलं की — मॅनेजरला शेवटपर्यंत कळलं नाही. आठवडाभर घरात खुणांनी बोलायचं, आणि रविवारी एक शब्द. एकच, पण पोटापासून. आणि मग अख्खं थिएटर माझा शब्द उचलून मला परत द्यायचं. मला कधी, डॉक्टर, कुणी... जाऊ दे. म्हातारी बादलीवरून डोळे पुसते म्हणाल.

तर घरी जाताना कानात ही शिट्टी असायची. आधी सकाळपर्यंत जायची. मग दुपारपर्यंत. मग थिएटर बंद झालं, पाडलं, सगळा रस्ता हळहळला, मी नाही. शिट्टी माझ्याकडेच राहिली ना! माझ्यापुरता खेळ चालू आहे आत, तिकीट नाही, झाडलोट नाही. नवरा वारल्यावर रात्री घर खायला उठायचं, तेव्हा मी या कुशीवर वळायचे आणि ऐकत पडायचे. आणि तुम्ही म्हणताय हे मशीन घातलं की शिट्टी दबेल. बहुधा ऐकूच येणार नाही म्हणता. बघा, तुम्ही ते आनंदाने सांगताय. मागच्या खेपेला मुलाने आणलं होतं मला, तेव्हा हेच ऐकून मी उठून गेले होते. म्हटलं, फार गरम होतंय.

आज का आले? — नातीसाठी आले. बाहेर बसलीय ना, ती. चिमणी म्हणतो आम्ही तिला, आवाजच तेवढा. आमच्या घरात सगळेच हळू बोलतात. मीच शिकवलं मुलांना, बाबा झोपलेत, हळू. त्यांनी त्यांच्या मुलांना शिकवलं. बाबा जाऊन जमाना झाला तरी सगळे हळूच! आता मला सांगा, जिने आयुष्यभर सगळ्यांना गप्प केलं, तीच बहिरी झाली, तर दाद कुणाकडे मागायची? तर चिमणी परवा माझ्या खोलीत आली. उशाशी बसली, माझा हात हातात घेतला, आणि काहीतरी बोलली. मान खाली, ओठ दिसेनात. मी आपली अंदाजाने — बहिरी माणसं अंदाजाने जगतात डॉक्टर, तुम्ही लिहून ठेवा — मला ऐकू आलं फक्त लग्न. मी टाळी वाजवली. म्हटलं, वा वा! फार छान झालं! आता मला नवी साडी घ्या! ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, मला थोपटलं आणि उठून गेली. संध्याकाळी लेकीने कानात ओरडून सांगितलं — ठरलेलं लग्न मोडलं होतं तिचं. घरात सगळ्यांच्या आधी मला सांगायला आली होती ती. आणि मी साडी मागितली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलते, पण कसं, तर मोठ्याने. आजी, जेवलीस का. आजी, पंखा लावू का. मोठ्याने बोलायच्या गोष्टी सगळ्या बोलते. हळू बोलायची एकही नाही.

घाला ते मशीन. घाला म्हणते ना, पुन्हा मला गरम व्हायला लागेल. — गार आहे हो! आणि एवढंसं? दाण्याएवढं? त्या खोक्यांनी बिघडवलेलं हे दुरुस्त करणार? — हलत नाही, ही बघा बसले शांत. — लावलंत? मला तर काही...

थांबा.

गेली. अहो, गेली. शिट्टी... सगळे एकदम थांबले बघा. तसंच. अगदी तसंच. — नाही, काढू नका! हात लावू नका. रडत नाहीये, ऐकतेय मी. — अय्या, हा तुमचा आवाज? एवढा बारीक? मिशांवरून मला वाटलं होतं... ते घड्याळ वाजतंय होय? आणि हे कोण? बाहेर. नाक ओढतंय कुणीतरी, हळूच, कुणाला कळू नये असं. ऐकताय ना? मला ऐकू आलं, तुम्हाला नाही आलं? तुम्हीपण बसा एकदा त्या पेटीत.

आत पाठवा तिला. आणि तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा. — हो, खोली तुमचीच आहे, ठाऊक आहे मला. खुर्चीही तुमची, मशीनही तुमचं. तरी तुम्ही आत्ता बाद. जा. आणि दार हळू लावा, आपटू नका — ऐकू येतंय मला.