उन्हाबद्दल माझी तक्रार नाही

…आणि वर मलाच विचारतात, "मर्व, मोटरसायकलवर बरं वाटत असेल नाही? छान वारा लागत असेल!" वारा? अहो, सेहेचाळीस डिग्रीत वारा लागणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो. बायकांचं ते केस वाळवायचं यंत्र असतं ना, ते कुणीतरी फुल्लवर करून तुमच्या नाकासमोर धरलंय आणि तुम्ही शंभरच्या वेगानं त्याच्याच अंगावर निघालाय! हेल्मेटची काच उघडावी तर डोळे तळून निघतात, बंद करावी तर आत माशी. हो, माशी! आमच्याकडची माशी एकदा हेल्मेटमध्ये शिरली की घरजावयासारखी राहते, हलायचं नावच नाही… पण ते जाऊ द्या. उन्हाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, ऊन पडणारच, ते काय मला विचारून पडणार? माझी तक्रार आहे ती कोळंबीबद्दल!

त्याचं असं झालं, आमच्या तेगनचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर, आणि पडली कुठे, तर पोर्ट ऑगस्टाच्याही पार पलीकडे, लाल मातीत, मक्रे लोकांच्या मेंढरांच्या रानात. मुलगा चांगला आहे. रोरी. बोलत नाही, म्हणजे चांगलाच असणार. व्याहीही तसाच, डोनाल्ड मक्रे, वर्षाला चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन कुत्र्याशी. घरातलं सगळं बोलणं एकट्या विहीणबाई बोलतात. आयलीन मक्रे! काय सांगू तुम्हाला… बाईनं माझी मोटरसायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा असं तोंड केलं, जसं काही मीच तिच्यातून तेलासारखा गळत होतो.

आता ईस्टरला लग्न. नवरीला चर्चपर्यंत कोण आणतो? बाप आणतो. जगात सगळीकडे बापच आणतो! तर विहीणबाई फोनवर माझ्या बायकोला, ग्लेनिसला, काय म्हणाव्यात? (नाकातून बोलते हो ती, अशी…) "ग्लेनिस, वाईट वाटून घेऊ नका, पण तेगनला आमचे दीर घेऊन येतील. मर्व म्हणजे… भरवशाचं काम नाही ना." भरवशाचं काम नाही! साखरपुड्याला मी थोडा उशिरा पोचलो होतो, हे खरं. दुसऱ्या दिवशी पोचलो होतो. पण चेन तुटली त्याला मी काय करू?

तेगन माझ्यासाठी भांडली बरं का. वाघीण माझी! म्हणाली, "बाबाच आणणार मला. बघाच तुम्ही. ख्रिसमसची कोळंबी बाबा आणेल, समुद्रावरनं, बर्फात, जशीच्या तशी. ती नीट पोचली तर मग बोलायचं नाही." विहीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे. कोळंबी पोचली तर नवरीही पोचेल." झालं! म्हणजे पोरीला चर्चमध्ये मी न्यायचं की कुणा दिरानं, हे कोळंबीवर येऊन ठेपलं. तुम्हाला हसू येतंय. मला रात्रभर झोप नव्हती.

ग्लेनिस दोन दिवस आधीच गाडी घेऊन गेली. गाडीत पुडिंग, केक, नवरीचे कपडे आणि माझी सासू, म्हणजे मला जागा नाही आणि हवाही नाही. जाताना मला फ्रीझरपुढे उभं केलं. "ऐक मर्व. वरच्या कप्प्यात कोळंबी, ती आणायची. खालच्या कप्प्यात शनिवारच्या पार्टीतल्या कोळंबीची डोकी नि सालपटं, ती निघायच्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या डब्यात. त्या दिवशी गाडी येते. वरचं आणायचं, खालचं टाकायचं. म्हणून दाखव." म्हणून दाखवलं! साठीच्या माणसानं, पाढ्यासारखं! आता सालपटं फ्रीझरमध्ये का ठेवायची हे तुम्हाला मी सांगायला नको. डिसेंबरात ती दोन दिवस आधी डब्यात पडली तर शेजारी घर विकून जातात.

निघायच्या दिवशी उजाडलं तेच तापलेलं. मी म्हटलं, मर्व, अक्कल लढव. गळ्याभोवती गुंडाळायचा टॉवेल भिजवला आणि ठेवला फ्रीझरमध्ये. बसेना. मग दोन्ही पुडकी बाहेर काढली, ओट्यावर ठेवली, टॉवेल आत सरकवला, जरा डोकंही आत घातलं… अहो काय सुख ते! चहा होईपर्यंत तसाच उभा होतो. मग पुडकी घेतली. एक डब्यात टाकलं, डबा रस्त्यावर नेऊन ठेवला, वेळेच्या आधी, हे लक्षात ठेवा! दुसरं बर्फपेटीत घातलं, वर बर्फ, खाली बर्फ, पेटी मागच्या सीटवर तीन दोरांनी बांधली. हाताला जरा हलकं लागलं होतं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, गोठल्यावर आकसली असेल.

आणि निघालो! पोर्ट ऑगस्टा मागे पडलं तोवर गळ्यातला टॉवेल वाळून पापड. जॅकेटची झिप छातीला चिकटलेली, टाकीला गुडघा लागला की गुडघ्याची भाकरी. समोरून तीन-तीन डबे जोडलेला ट्रक आला की आधी गरम हवेची थोबाडीत, मग वाळू, मग ड्रायव्हरचा हात… टाटा करतोय मेला, थंडगार केबिनमधून! पण उन्हाबद्दल माझी तक्रार नाही. मी आपला मागे हात नेऊन पेटी चाचपत होतो. "आहेस ना गं बाई? थंड आहेस ना?" तळहातावरच्या फोडासारखी जपली हो मी तिला.

वाटेत पेट्रोलला थांबलो. तिथल्या बाईनं मला बघितलं, लालबुंद, ओठ फुटलेले, आणि काय विचारावं? "उकडतंय का बाहेर?" नाही, म्हटलं, मी लाजतोय! बर्फाची पिशवी घेतली. ती म्हणाली, "अरे, चार खडे हेल्मेटमध्ये टाक, नाहीतर चक्कर येऊन पडशील." मी म्हटलं, बर्फ माझ्यासाठी नाही, बाई. सगळा बर्फ पेटीत ओतला. सगळा! एक खडा जिभेवर ठेवला नाही. बाहेर येतो तर काय, डांबर पातळ झालेलं आणि गाडीचा स्टँड त्यात रुतत चाललेला, गाडी हळूहळू कलतेय, सावकाश, म्हातारी खुर्चीत बसते तशी… मी धावलो. आणि तुम्हाला सांगतो, मी गाडी नाही धरली. पेटी धरली! गाडी माझ्या मांडीवर, मांडी तापल्या डांबरावर आणि पेटी अशी उंच डोक्यावर. दोन ट्रकवाल्यांनी मला खालून ओढून काढलं. एक म्हणाला, "काका, काय आहे त्यात? मूत्रपिंड?" मी म्हटलं, माझी पोरगी आहे त्यात. त्यांनी बिचाऱ्यांनी बिअरचा रिकामा डबा चेपून स्टँडखाली घातला आणि टोपी काढून मला निरोप दिला.

पोचलो. भर दुपारी. सगळे व्हरांड्यात बसलेले, ग्लेनिस, तेगन, मक्रे मंडळी, आठदहा पाहुणे, सगळे वर्षभर मटण खाऊन कंटाळलेले. विहीणबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी वेळेवर होतो! तेगन धावत आली, "बाबा! मी म्हटलं नव्हतं?" तिचा तो चेहरा… अहो, त्या चेहऱ्यासाठी मी त्याच उन्हातनं उलटा परत गेलो असतो. पेटी टेबलावर ठेवली. झाकण उघडलं. वाफ निघाली थंड! बर्फ खडखडीत! "बघा," मी म्हटलं, "हात लावून बघा विहीणबाई!" त्यांनी हात लावला. पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं बघितलं हो बाईनं. म्हणाल्या, "मानलं." आणि पुडकं उघडलं.

डोकी.

डोकी, मिशा, सालपटं. शनिवारच्या पार्टीची. एक लिंबाची फोडही होती, चोखलेली.

कुत्रासुद्धा उठून आत गेला. ग्लेनिस अगदी हळू म्हणाली, "मर्व… मग दुसरं पुडकं?" मी म्हटलं, "डब्यात. वेळेवर टाकलं."

आणि तेगन… तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. पोरीनं माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि मी तिला कचरा आणून दिला, तोही बर्फात घालून. जीव नकोसा झाला. तेवढ्यात व्याही उठला, डोनाल्ड. पेटीत वाकून बघितलं, एक डोकं उचललं, टेबलावर आपटलं. टक्क! दगडासारखं. म्हणाला, "सेहेचाळीस डिग्रीत. एक थेंब वितळू दिला नाही गड्यानं." त्याचं ते वर्षातलं चौथं वाक्य असावं. रोरी हसला, मग तेगनलाही हसू फुटलं, हसता हसता रडायला लागली आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "मला बाबाच आणणार. उशीर होऊ दे, चेन तुटू दे. बाबाच."

सगळे विहीणबाईंकडे बघायला लागले. बाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. (तेच नाकातून…) "आणा, तुम्हीच आणा. सामान सांभाळता तुम्ही, वाद नाही. फक्त निघताना एकदा गाडीत डोकावून बघा, नवरीच घेतलीय ना."

ख्रिसमसला मटण होतं.

संपलं असं वाटलं? मलाही वाटलं. निघायच्या दिवशी विहीणबाईंनी पेटी माझ्या हातात दिली, ताजा बर्फ भरून. "आमच्याकडे कचऱ्याची गाडी येत नाही," म्हणाल्या. "इथे ज्याचा कचरा त्यानं न्यायचा." म्हणजे तीच डोकी, तोच रस्ता, तेच ऊन! पेट्रोलवाली बाई म्हणाली, "काय रे, परत?" मी गुमान बर्फाची पिशवी घेतली. ते दोन ट्रकवालेही तिथेच जेवत होते. एकानं हलक्या आवाजात विचारलं, "काका, पोरगी कशी आहे?" म्हटलं, घरी नेतोय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. हेल्मेट घातलेलं, काच बंद, आत माशी… तरी मला वास आला. सगळं गाव दारंखिडक्या लावून आत. शेजारचा लेस तेवढा बाहेर, नाकाला ओला रुमाल बांधून. माझ्या घरासमोर माझा डबा, नेऊन ठेवला तिथेच, उन्हात, काठोकाठ. लेस म्हणाला, "सुट्टीमुळे गाडी आलीच नाही, मर्व. आता पुढच्या आठवड्यात." आत दोन किलो कोळंबी, पहिल्या प्रतीची.

मी पेटी उतरवली, घरात गेलो आणि डोकी फ्रीझरमध्ये ठेवली. वरच्या कप्प्यात… का खालच्या? जाऊ द्या. उन्हाबद्दल माझी तक्रार नाही. सगळ्या प्रकरणात आपलं काम चोख केलं ते त्यानं एकट्यानंच.