शेवटच्या भाकरीचं नाव

या मंडळी, सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. झांजा थोडा वेळ राहू द्या, पेटीचा सूर तेवढा धरून ठेवा. ज्यानं आपल्या नाकपुड्यांत श्वास फुंकला त्या प्रभूला आधी हात जोडू, आणि मग मी तुम्हाला एक प्रश्न घालतो. नीट ऐका! जिनं उभा जन्म चुलीपुढं काढला, जिला चार बायकांत उभं राहून साधी प्रार्थना म्हणता आली नाही, त्या बाईनं देवाची सेवा केली, की नुसता स्वयंपाकच केला?

पुढं बसलेल्या आया लगेच 'केली' म्हणाल्या! मागं पुरुष मंडळींचा विचार अजून चाललाय. चालू द्या. आख्यान संपेपर्यंत सवड आहे.

तर नगर जिल्ह्यात सोनदरी नावाचं गाव. देऊळ, मशीद, आपलं लहानसं कौलारू चर्च, सगळं एका हाकेवर. तिथं शेवंताबाई पाडळे राहायच्या. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, तबीथा. तिला शिकवलं, नर्स केलं, सोलापूरला नांदायला पाठवलं. आणि शेवंताबाई मात्र आपल्या दोन खोल्यांत, आपल्या चुलीशी. गल्लीत कुणी आजारी पडो, बाळंत होवो, परगावाहून पाहुणा येवो, पाडळ्यांच्या घरून भाकरी जायचीच.

आता तिथल्या चर्चच्या मंडळीची एक रीत होती. प्रत्येकानं पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन आपलं म्हणून निवडायचं. सभेत पाळी आली की उभं राहून ते म्हणायचं. आणि माणूस गेलं की तेच वचन त्याच्या कबरीच्या दगडावर, नावाखाली कोरायचं. चर्चच्या पाळकसाहेबांना सगळ्यांची वचनं पाठ. फक्त शेवंताबाईंचं माहीत नव्हतं! महिला सभेत पाळी जवळ आली, की बाईंना हटकून चुलीवरचं दूध आठवायचं. 'उतू जाईल गं' म्हणत उठल्या की गेल्या. हसू नका! तुमच्यातही अशी दूधवाली मंडळी आहेत, मला नावं माहीत आहेत.

शेवंताबाई गेल्या. वर्ष झालं. स्मरणाची उपासना रविवारी ठरली, आणि दगडही तयार झाला. नाव कोरलं, जन्म कोरला, मृत्यू कोरला. खाली जागा कोरी. शनिवारी सकाळी पाथरवट छिन्नी घेऊन दारात उभा राहिला आणि त्यानं सोलापूरहून आलेल्या तबीथाला विचारलं, ताई, वचन कोणतं?

तबीथाला सांगता येईना. पाळकसाहेब म्हणाले, एखादं चांगलंसं आपणच निवडू, कोण विचारणार आहे? पण तिला ते पटेना. आईच्या अंगावर दुसऱ्या बाईचं लुगडं घातल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. तिनं पाथरवटाला दुपारपर्यंत थांबायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मनातून ती फार शरमली होती, मंडळी. दवाखान्यात शंभर पेशंटांना काय खाल्लेलं चालतं, काय चालत नाही, हे तिला ठाऊक. आणि आईचं एक वचन ठाऊक नाही! लहानपणी आई सभेतून उठून गेली की हिला मैत्रिणींसमोर लाज वाटायची. विचारावंसं मात्र कधी वाटलं नाही.

फळीवर फडक्यात गुंडाळलेलं आईचं शास्त्र होतं. तिनं ते मांडीवर घेतलं आणि पुस्तक आपोआप उघडलं. पान पिठाच्या बोटांनी खरखरीत झालेलं, कडा मऊ पडलेल्या. हेच ते! तिनं वाचायला घेतलं, तर काय? यरुशलेमेची पडकी भिंत ज्यांनी पुन्हा बांधली, त्यांच्या नावांची यादी! अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या शेजारी फलाण्याचा मुलगा बिस्ताना. कुणी वेशीपाशी बांधलं, कुणी आपल्या घरापुढचा तुकडा बांधला. खरं सांगा, हे पान कोण वाचतं? आपण अंगठा ओला करतो आणि दोन पानं एकदम उलटतो.

पण शेवंताबाईंनी उलटलं नव्हतं. समासात शिसपेन्सिलीनं, चौथी शिकलेल्या हातानं, बारीक नावं लिहिली होती. हौसा. टपालवाले रंगनाथ. शिंप्याची धाकटी सून. रमजानची आई. पाळकसाहेब. तबीथाला वाटलं, ही नाताळच्या फराळाची यादी. कुणाकुणाकडं ताट पाठवायचं ते आईनं हाताशी असलेल्या कागदावर लिहून ठेवलं! तिला थोडा रागही आला. मग तिनं यादी पुन्हा वाचली. वरून खाली, खालून वर. चाळीसएक नावं होती.

तबीथा नव्हती.

तिनं पुस्तक मिटलं. रडू आलं नाही. वीस वर्षांत आपण नाताळला दोन दिवस यायचो आणि तिसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघायचो, हे तिला आठवलं. आई फोनवर शेवटची बोलली तेव्हा 'कधी येतेस' एवढंच विचारत होती, आणि आपण ड्युटीचं सांगितलं. तिला वाटलं, शेवटी आईनंही आपल्याला सोडून दिलं असेल.

तेवढ्यात परसातल्या बुटक्या भिंतीवरून हाक आली. शेजारच्या हौसाबाई. त्या विठोबाच्या, पण शेवंताबाईंची आणि त्यांची पन्नास वर्षांची भिंतीवरची मैत्री. मीठ इकडून, कालवण तिकडून. तबीथानं बाहेर जाऊन त्यांना ते पान दाखवलं आणि विचारलं, ही फराळाची यादी ना? हौसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी नावं वाचून घेतली आणि हसल्या. म्हणाल्या, फराळ कुठला, ह्या तर भाकऱ्या!

मंडळी, शेवंताबाई भाकरी थापायला बसल्या, की एकेका भाकरीला एकेक नाव घ्यायच्या. गोळा परातीत ठेवला की नाव. मग ती भाकरी थापून, तव्यावर टाकून, पाणी फिरवून, फुगून उतरेपर्यंत त्याच माणसासाठी प्रार्थना. ह्याचा पाय बरा कर, हिला माहेरी जाऊ दे, ह्याची दारू सोडव. भाकरी उतरली की पुढचा गोळा, पुढचं नाव. भिंतीच्या कामकऱ्यांची नावं देव एकेक करून लिहून ठेवतो, तर आपल्या गल्लीची आपण नकोत का ठेवायला, असं त्या हौसाबाईंना म्हणायच्या.

थापिता भाकर, ओठी एक नाव।
सांभाळ गा गाव, ख्रिस्तराया॥

पेटीवाले, हळू. अगदी हळू वाजवा. कारण आता तबीथाला काय दिसलं ते सांगतो. ती लहान आहे. गोधडीत आहे, जाग धड आलेली नाही. कौलाच्या फटीतून उजेडाची एक पट्टी धुरात उतरलीय. थप थप थप थप... आणि मधूनच आईचा पुटपुटता आवाज. त्या धुरातून माणसं घरात येतायत. टपालवाले रंगनाथ येतात, रमजानची आई येते, येऊन चुलीपाशी टेकतात, आणि परातीचा आवाज थांबला की उठून जातात. कितीतरी वर्षं तिला खरंच वाटायचं, की सकाळी आपल्याकडं गाव येऊन जातं. मग ती मोठी झाली, शहाणी झाली, आणि ते एक स्वप्न होतं असं तिनं ठरवून टाकलं.

तिनं ते पान पुन्हा उघडून हौसाबाईंपुढं धरलं. मग तिनं विचारलं, "काकू, ह्यात माझं नाव का नाही?"

हौसाबाई भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "अगं येडे, ज्याचा इसर पडंल असं वाटतं, ते माणूस लिहून ठिवतं. तुझं कशाला लिहील? शेवटची भाकरी तुझी असायची."

"शेवटची?"

"सगळ्यात शेवटची. भाकरी न्यायला आलेली समदी गेलेली, चुलीतला इस्तू निवत आलेला, कसली म्हणून घाई नाही. त्या एका भाकरीला ती लई येळ लावायची. तीच मग सवताला वाढून घ्यायची."

आता मात्र तबीथा रडली. हौसाबाईंनी भिंतीवरून हात लांबवून तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिला रडू दिलं.

दुपारी तिनं पाथरवटाला वचनाच्या जागी त्या यादीच्या अध्यायाचा आकडा कोरायला सांगितला. रविवारी दगड पाहून लोक कुजबुजले, पाथरवट चुकला! पाळकसाहेबांनी उपासनेत तो अध्याय वाचायला घेतला आणि त्या अवघड नावांनी त्यांची जीभ तीनदा अडखळली. मग तबीथा उठली. पुस्तक घेतलं आणि छापलेलं सोडून समासातलं वाचलं. हौसा. टपालवाले रंगनाथ. शिंप्याची धाकटी सून. चर्चमध्ये, दारात, बाहेर पिंपरणीच्या झाडाखाली, जिथं जो होता तिथं आपलं नाव ऐकून उभा राहिला. कुणाला कल्पनाच नव्हती, मंडळी, की आपल्या नावाची भाकरी इतकी वर्षं कुठंतरी फुगत होती. रंगनाथरावांनी टोपी काढली आणि ती उपासना संपेपर्यंत हातातच धरली.

बरं, मागच्या पुरुष मंडळींचा विचार झाला का? केली ना सेवा? केली! भिंत बांधली त्या बाईनं, आपल्या घरापुढची.

तबीथा आता सोलापूरला भाकरी करते. पहिल्या दिवशी चार नावं घेतली आणि पाचव्याला अडली. वीस वर्षं राहून शेजारच्या बाईचं नाव तिला ठाऊक नव्हतं! पिठाचे हात तसेच घेऊन ती शेजारी गेली, दार वाजवलं आणि विचारून आली.

आणि तुम्ही? उद्या सकाळी तुमच्याही घरी तवा तापेल. तुमच्या घराच्या उजव्या भिंतीपलीकडं कोण राहतं? आडनाव नको, ते दारावर लिहिलेलं असतं. नाव सांगा. त्याला काय दुखतंय ते सांगा. पेटी थांबवा हो. मी थांबलोय, मंडळी. कुणीतरी एक जण उठा आणि एक नाव सांगा.