आक्काला वाढदिवसाला आणण्याबाबत

विषय : माझ्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला माझी थोरली बहीण सरजाबाई हिला गावाहून नांदेडला आणण्याबाबत.

संदर्भ : माझा मुलगा रविकांत याच्याशी झालेली तोंडी चर्चा. दिनांक : रोजचीच.

उपरोक्त विषयाला अनुसरून तुम्हाला सांगतो, माझं डोकं फिरलंय. उभी हयात तहसिलीत कारकुनी केली, अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो, हजारो अर्ज हाताखालून गेले, पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या वाढदिवसाला, स्वतःची बहीण बोलवायची तर अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज मुलगा 'बघू पप्पा' म्हणून बाजूला सारतो, हे कुठल्या नियमात बसतं ते मला अजून सापडलेलं नाही. आणि वाढदिवस माझा आहे बरं का!

आता मुळात हा वाढदिवस एक जूनला. का? तर शाळेत नाव घालायला आक्का मला घेऊन गेली, गुरुजींनी विचारलं जन्मतारीख काय, आक्का म्हणाली हुरडा चालू होता जी. गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला, कान हाताला लागला, म्हणाले झालं वय, आणि लिहून टाकलं एक जून. हुरडा कुठं, एक जून कुठं... पण माझ्या पिढीतला निम्मा मराठवाडा एक जूनला जन्मलाय, सगळा गुरुजींच्या कृपेनं. आमच्या कचेरीत एकतीस मेला एवढी माणसं एकदम रिटायर व्हायची की निरोपाला हार कमी पडायचे. तर सांगायचं काय, मी खरंच कधी जन्मलो हे बघितलेलं माणूस आता जगात एकच उरलंय, ते म्हणजे आक्का. साधी कोर्टातली केस असली तरी साक्षीदाराला समन्स निघतं. इथं साक्षीदार सोडून सगळ्या नांदेडला आमंत्रण.

माझी अपेक्षा काय होती? सकाळी बुद्धवंदना घ्यावी, खीर करावी, आक्कानं शेजारी बसावं, संपलं. पण आमची सून महामाया... आता सून वाईट नाही, म्हणून तर धड रागावताही येत नाही... तिनं लातूरहून एक इव्हेंटवाला आणला. वीरभद्र त्याचं नाव. दाढी कोरलेली, हातात टॅब, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "काका, तुमचं बचपन आपण परत आणू." अरे, परत आणण्याआधी मला ते पाहिजे का हे तर विचार! पण विचारतो कोण? वाढदिवस फक्त माझा आहे.

तर त्याची थीम 'आमचं गाव'. एसी हॉलमध्ये अख्खं गाव उभं करून राहिलेत. कंदील लावणार, आत बल्ब. बैलगाडी आणणार, बैल प्लायवूडचे. पाहुण्यांनी यायचं धोतर-फेट्यात नि नऊवारीत, आणि मी बसायचं मधोमध, धोतर नेसून. मी म्हणालो, बाबा रे, मी शाळेत चड्डी घातली, नोकरीत पँट घातली, मधे धोतराला सवडच मिळाली नाही. तो म्हणाला, "काका, रेडिमेड मिळतं, इलास्टिकचं." बघा म्हणजे.

मग म्हणाला लहानपणीचे फोटो द्या, पडद्यावर फिल्म दाखवायची. मी म्हणालो, पहिला फोटो नोकरीच्या अर्जावर चिकटवलेला. त्याच्या आधीचा चेहरा माझ्याही लक्षात नाही. त्याला काही फरक पडला नाही. एआयवर बनवून देतो म्हणाला, आणि बनवला की! गोरापान, गुटगुटीत पोरगा, कानात भिकबाळी, मागं गाय, हातात लोण्याचा गोळा. महामाया म्हणाली, "पप्पा, किती गोड होता तुम्ही." मला त्या पोराचा हेवा वाटला, काय सांगू तुम्हाला.

आता पुढचं ऐका, कारण इथं माझं खरं टाळकं सटकलं. त्या गावात एक जात्यावरची आजी आहे. भाड्याची! लातूरची कुणी नाटकात काम करणारी बाई, पाहुणे जाईपर्यंत जातं फिरवणार, ओव्या म्हणणार, लोक शेजारी बसून सेल्फी काढणार. मी म्हणालो, अरे, आमच्या आक्कानं लोकांचं दळून हाताला घट्टे पाडून घेतले, ती जिवंत आहे, बिलोलीकडं आहे, गाडीनं निघालं तर जेवायच्या वेळेपर्यंत येईल. तर रविकांत म्हणतो, "पप्पा, आत्याबाईला एसी सोसत नाही." म्हटलं, शाल देऊ. "पायऱ्या आहेत पप्पा." म्हटलं, लिफ्ट आहे, तूच दाखवलीस. "ऊन फार आहे." म्हटलं, तिनं उन्हाळे माझ्यापेक्षा जास्त बघितलेत. कारणं संपली, पण मंजुरी नाही. भाड्याची आजी चालते, घरची चालत नाही... आणि वाढदिवस माझा!

आमची मंडळी असती तर तिनं हे प्रकरण एका वाक्यात निकाली काढलं असतं. ती गेल्यापासून घरात अपील करायला वरचं कार्यालयच उरलं नाही.

मी पण हाडाचा कारकून. नामंजुरीचं कारण काढल्याशिवाय सोडतो होय? वीरभद्र टॅबवर गावाचं चित्र दाखवत होता. पार. पारावर पिंपळ. पिंपळाखाली विहीर, थर्माकोलची, तिला रहाट, दोरी, छोटीशी घागर, आणि वर पाटी, 'सेल्फी पॉईंट'. रविकांतनं ते चित्र बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि वीरभद्र गेल्यावर हळूच म्हणाला, "पप्पा, माझे साहेब येणार आहेत. सोसायटीतले येणार. आत्याबाई ते विहिरीचं सांगत बसतील."

असं आहे होय!

आता ते विहिरीचं म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, फार मोठी गोष्ट नाही. गावात पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, पिंपळाखाली. आम्ही वेशीबाहेरचे. आक्का घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला वाटलं तर वरून ओतायचे, नाही वाटलं तर नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी झिरपायची वाट बघायची. मला शाळेला उशीर व्हायचा तो त्याच्यामुळं, आणि आक्का शाळेत गेलीच नाही तीही त्याच्यामुळं, ती तिथंच उभी. एवढंच. यात रहाटबिहाट काही नाही, कारण रहाटाला आम्ही हात लावलेलाच नाही. आणि पाराचं म्हणाल तर त्या पारावर मी पहिल्यांदा बसलो तो सरकारी कर्मचारी म्हणून, गारपिटीच्या पंचनाम्याला. तेव्हा लोकांनी सतरंजी टाकली. अशी आमची रम्य बालपणीची आठवण. लावा त्याला लायटिंग.

मी रविकांतला म्हणालो, आक्का काहीबाही बोलत नाही, जेवढं झालं तेवढंच बोलते. तो म्हणाला, आता कशाला ते, आपण पुढं आलो ना पप्पा. वाईट वाटलं मला त्याचं. बँकेत अधिकारी आहे, चारचौघांत मान आहे, आणि एका म्हातारीच्या दोन वाक्यांना भितो. पण रागही आला. म्हणालो, "पुढं आलो ना? मग मागचं गाव भाड्यानं कशाला आणतोस?"

महामाया स्वयंपाकघरातून बघत राहिली.

मग मी काय केलं, तर अर्ज थेट संबंधितांकडं नेला. रात्री जेवताना सगळ्यांसमोर आक्काला फोन लावला, स्पीकर चालू केला. जयभीम आक्का म्हणालो, तिनं जयभीम केलं, जेवलास का विचारलं. मी सांगितलं, हे लोक हॉलमधी आपलं गाव बांधून राहिलेत, पार हाय, पिंपळ हाय, इहीर पण हाय.



आक्का म्हणाली, "कोंची इहीर? पिंपळाखालची?"

"हाव."

"मंग येते की मी. मला न्यायला कोनीबी धाड. पन एक सांगून ठेव सायबू, मी माझ्या हातानं शेंदून पानी पिनार. कोनी वतायला यिऊ नगा म्हनावं."

आणि तिनं फोन ठेवला. तिला फोनवर जास्त बोलायची सवय नाही.

रविकांतचा घास हातात तसाच राहिला. सायबू म्हणजे मी, साहेबराव, हे नाव माझ्या नातवंडांनी पहिल्यांदा ऐकलं, ती हसायला लागली, महामायानं डोळे वटारले तेव्हा गप्प झाली. रविकांतनं हात धुतला, परत येऊन बसला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मीच जातो आत्याबाईला आणायला." म्हणजे मूळ अर्ज मंजूर. इतके दिवस मी भांडलो त्यानं काही झालं नाही, तिनं दोन वाक्यांत केलं. वाढदिवस कोणाचा आहे, माझा की तिचा, काही कळेना झालंय.

पण थांबा. प्रकरण इथं संपत नाही. रविकांतनं लगेच वीरभद्राला फोन लावला, तोही स्पीकरवर, विहिरीत पाणी पाहिजे म्हणाला. वीरभद्र हसला. म्हणाला, "सर, विहीर नुसती समोरून आहे. मागून बांबू लावलेत. पाण्याचं वजन आलं की सगळं स्ट्रक्चर खाली." रविकांत म्हणाला, एक टाकी तरी ठेव आत. तर तो म्हणतो, "सर, निळा कागद लावतो, वरून लाईट सोडतो, फोटोत एकदम ओरिजिनल पाणी दिसेल." रविकांत चिडला. बापाच्या वळणावर गेलेलं पोरगं पहिल्यांदा दिसलं मला. म्हणाला, "कागद पिता येत नाही हो."

"बघतो सर," वीरभद्र म्हणाला.

म्हणजे आता परिस्थिती काय, ती बघा. गावच्या विहिरीला पाणी होतं, आम्हाला परवानगी नव्हती. या विहिरीला परवानगी आहे, पाणी नाही. आज तीस मे. रविकांत उद्या पहाटे गाडी घेऊन निघतोय. आक्कानं लुगडं काढून ठेवलंय असा निरोप आहे. विहिरीत पाणी ठेवण्याबाबतचा अर्ज लातूरला वीरभद्राकडं प्रलंबित आहे.