यीस्टला वरण

लंडनमधल्या क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात देवयानीचा नंबर यायला बराच अवकाश होता. मागच्या खुर्च्यांवरच्या मायलेकांची जुंपली आणि तिने हातातलं मासिक मिटलं.

"आई, मातीतलं यीस्ट आहे ते. त्यातून तेल काढायचंय मला. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन त्याच्यावर आहे!"

"मग काढ की. मी काय हात धरलाय तुझा?"

"तू बॉयलरच्या उबदार कपाटात ठेवलेल्या यीस्टच्या फ्लास्कमध्ये वरण ओतलंस!"

"चमचाभरच. त्यालाही जीव आहे ना? नुसतं साखरेचं पाणी पाजतोस."

"मुद्दाम पाजतो! साखर भरपूर आणि प्रोटीन बंद, तरच ते अंगात तेल साठवतं."

"आणि वरण दिलं तर?"

"नुसतं वाढत सुटतं. तेलाचा पत्ता नाही."

"वाढलं ना? मग झालं तर."

"अगं, आता काउंटरवर काय सांगू मी?"

"सांग, आईने जेवू घातलं. शशी, तू रात्री काय जेवतोस रे इथे?"

"टोस्ट, जॅम. कधी डोनट."

"आणि वरण?"

"एकट्यासाठी कोण लावणार वरण?"

देवयानीने न राहवून मागे पाहिलं. आई मुलाच्या शर्टाच्या पोटावर ताणलेल्या बटणांकडे बघत होती.

"मग फ्लास्क कशाला हवाय काउंटरवाल्यांना? शर्ट वर करून दाखव."