सोमाकाकाच्या बैलाची सुई

गिधाडं वाचवायला काय लागतं ते मला विचारा. पहार लागते!

आमच्या मोखाड्याकडच्या पाड्यावर मेलेलं ढोर गिधाडांसाठी माळावर ठेवतात. पण दुखण्यावरची ती बंदी घातलेली सुई टोचलेलं ढोर असेल, तर ते खाऊन गिधाडंच मरतात. म्हणून आधी चौकशी करायची. मी शाळेत मास्तर, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात.

सोमाकाकाचा म्हातारा बैल गेला. सगळा पाडा जमलेला. मी विचारलं, “काका, सुई दिली होती का?”

काका भडकलाच. “म्हंजे? बैलाला मी बिनइलाजाचा मारला काय, गुरुजी? दिली ना सुई! बंदीवाली दिली, भारीतली!”

झालं! बैल पुरायचं ठरलं. आमच्याकडं वीतभर मातीखाली कातळ. काका आणि मी दुपारपर्यंत पहार मारतोय आणि वर गिधाडं घिरट्या घालतायत.

तेवढ्यात काकी पाणी घेऊन आली. “सुई कुठली, गुरुजी? डाक्टर यायच्या आधीच बैल गेला.”

मी पहार खाली टाकली. “काका!”

काकानं शांतपणे घाम पुसला. “मग असं चारचौघांत विचारायचं असतं काय, गुरुजी?”